न आपटलेलं दार

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घड्याळदुरुस्तीवाल्यांना सगळी इमारत हळूकाका म्हणते. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची छाती माझीसुद्धा नाही. जिन्यात कुणाची चप्पल फटफटली की आतून "हळू!" किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला की "हळू!" मी कपात चमचा फिरवत होतो तर म्हणाले, "अहो, साखर कधीच विरघळली, आता कपाला भोक पाडताय का?"

बिचारे घरातच काम करतात. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर तिळापेक्षा बारीक स्क्रू. वर कुणी दार आपटलं की टेबल हादरतं, स्क्रू उडतो आणि काका-काकू फरशीवर रांगायला लागतात. त्या खोलीतला केर काकू आधी पिठाच्या चाळणीनं चाळतात, मगच टाकतात.

इमारतीत सगळ्यात नाठाळ दार आमचं. फुगलेलं, खांदा लावल्याशिवाय बसत नाही. काकांचा पारा चढलेला बघायला मी ते दोन-चारदा मुद्दामही आपटलंय. असते एकेकाला खोड.

पण गेल्या महिन्यात काकांच्या तक्रारीच्या फेऱ्या फारच वाढल्या. आम्ही दोन दिवस परगावी जाऊन आलो, तर दाराला चिठ्ठी: "आज चारदा आपटलंत." आमची ही हसून हसून बेजार. मीही दात काढत चिठ्ठी काकूंना दाखवायला गेलो. त्या हसल्या नाहीत.

"हल्ली त्यांना चहा अर्धा कपच देते," हळूच म्हणाल्या. "सांडतो हातातून. त्यांना काही बोलू नका हं."

माझे दात जागच्या जागी मिटले. त्यानंतर काका वर आले की मी आपला गुन्हा कबूल करून मोकळा. "मीच आपटलं काका, चुकलं." ते दोन शब्द सुनावत आणि समाधानानं खाली जात.

परवा दुपारी लालबुंद होऊन आले. "गिऱ्हाईक बाईंच्या आईचं घड्याळ होतं! स्क्रू उडाला. आपटलंत ना?"

"हो काका. वाऱ्यानं सुटलं हातातून."

आमच्या चौकटीला चादर टांगलेली होती, ती काकांनी दोन बोटांनी बाजूला केली. दार नव्हतंच. त्यांच्याच तक्रारीमुळे सुतारानं सकाळी ते रंधा मारायला नेलं होतं, आणि सवयीनं गुन्हा कबूल करताना मी ते साफ विसरलो होतो.

"कुठलं आपटलंत?"

काका पायरीवर बसले. उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून ठेवला.

"कधीपासून माहितीये तुम्हाला?"

"महिना झाला असेल."

"हिलाही?"

मी मान हलवली.

"आणि मी मूर्ख, रोज जिने चढतोय." मग उठले. "चला, गिऱ्हाईक संध्याकाळी यायचंय. स्क्रू तर शोधायला हवा."

खाली जाऊन आम्ही तिघंही रांगलो. स्क्रू काकूंनाच मिळाला, टेबलाच्या पायाशी. बोटाच्या टोकाला चिकटवून त्यांनी तो काकांसमोर धरला. काकांनी हात पुढे केला नाही.

"डबीत ठेव," ते म्हणाले. "घड्याळाबरोबरच दे. बाईंना सांग, दुसरीकडे न्या म्हणावं."