आधी बिया, मग पानं

सुमनवयनी, माझी थोरली जाऊ, पत्ते वाटले की आधी आपली पानं बघायचीच नाही. सगळ्यांच्या पुढ्यातल्या काजूच्या बिया बघायची आणि मग सावकाश आपली तीन पानं उचलायची.

गणेशचतुर्थीत आमच्याकडे दुपारी मागच्या पडवीत बायकांची तीन पत्ती बसते. पैसे नाहीत, घरच्या काजूच्या बिया. एकीच्या बिया संपल्या की खेळ मिटतो; तेव्हा जिचा ढीग मोठा ती जिंकली, आणि तिचं त्या रात्रीचं जेवणाचं पान सासूबाई स्वतः वाढतात. एरवी सगळ्यांना वाढून आम्ही सुना शेवटी जेवतो. त्या एका पानासाठी मी खेळायचे, आणि दरवर्षी ते वयनी घेऊन जायची. सासूबाई तिला वडे वाढताना तिच्या बोलण्यावर खुदखुदायच्या, तेव्हा मी चुलीकडे तोंड करून बसायचे. तिला पानं काही माझ्यापेक्षा चांगली येत नसत. तेच जास्त झोंबायचं.

एकदा मंदा नणंदेच्या बिया संपत आल्या. तसं झालं की मंदा पानं न बघताच उरलेल्या सगळ्या पुढे सारते. माझ्याकडे नव्व्यांची जोडी होती. धड मोठी नाही, धड लहान नाही. हिच्याकडे राजे निघाले तर, म्हणून मी पानं टाकली. वयनीने मात्र अठ्ठ्यांच्या जोडीवर तेवढ्याच बिया पुढे केल्या.

“दाखव गो.”

मंदाकडे काहीच नव्हतं. त्या डावाने खेळ मिटला. वयनीने माझी टाकलेली पानं उलटली.

“अगो बाय! नव्व्यांची जोडी टाकलंस? जिच्या बियो सरत इल्यो, ती काय पण घेवन उडी मारता. तिच्यासमोर जोडी खूप झाली. ढीगवाली सारूक लागली तर पळ. पण सगळ्यांसमोर राजाची वाट बघीत रवलंस तर म्हातारी होतलंस!”

सासूबाईंसकट सगळ्या हसल्या.

गेल्या वर्षी भावजींनी, वयनीच्या यजमानांनी, सावंतवाडीत घर बांधलं. यंदापासून त्यांचा गणपती तिकडे, म्हणून गेल्या चतुर्थीतला तो वयनीचा इथला शेवटचा खेळ. माझ्या बिया संपत आल्या होत्या. तिच्या पुढ्यातला ढीग बघून असा हेवा दाटला की मीही पानं न बघता सगळ्या सारल्या. वयनीने आधी माझ्या बियांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तेवढ्याच टाकल्या. तिची सत्त्यांची जोडी. माझं काहीच नाही.

“शेवटचा वरीस, वयनी. तिका सोडूची व्हती,” मंदा म्हणाली.

“सोडूक ती काय पावणी आसा? जाव आसा माजी.”

यंदा मंदाने पुन्हा तसंच सारलं. माझ्याकडे छक्क्यांची जोडी. मी तिच्या पुढ्यातल्या बिया बघितल्या आणि म्हटलं, “दाखव गो.”

रात्री सासूबाईंनी माझं पान मांडलं. वडे वाढले, काळ्या वाटाण्याचं सांबार वाढलं आणि म्हणाल्या, “सुमनाक फोन लाव. जेवली काय विचार.”

लावला. जिंकल्याचं सांगितलं. तिने आधी विचारलं, “मंदाकडे बियो किती व्हत्यो?”

“मूठभर.”

“मगे बरोबर खेळलंस गो.”

फोन सासूबाईंनी घेतला. दोघी कितीतरी वेळ हसत होत्या. वडे गार झाले. मी पानाला हात लावला नाही. सासूबाईंनी खीर अजून वाढायची राहिली होती.