पाणी कधी गेलं?

पहिलं बाळ गेल्यापासून मी देवीपुढे बसायचे ती निव्वळ सवयीनं. चांगलं रडत जन्मलेलं लेकरू, संध्याकाळी कण्हू लागलं, अंगानं गार पडलं आणि दुसऱ्या दिवशी संपलं. बायका माझ्या पायगुणाला बोल लावत. देवीनं लेकरू का नेलं, हे मला कळत नव्हतं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मालक पलटणीत, त्यामुळे रहिमतपूरजवळच्या वस्तीवर मी आणि सासूबाई दोघीच; त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. दुसऱ्या खेपेला दिवस भरायला तीन आठवडे असताना पहाटे अंगावरून पाणी गेलं. कळा नव्हत्या. पुन्हा बोल लागेल म्हणून मी गप्प बसले. देवी बघून घेईल, असं स्वतःला सांगत राहिले.

भर दुपारी माजघरात पडले होते. वारा अगदी थांबलेला. मान वळवली तर दारात एक अनोळखी बाई उभी. वाट फुफाट्याची, पण तिच्या पायांना धूळ नव्हती. आमचं कुत्रं भुंकलं नाही.

"पाणी कवा गेलं?" तिनं विचारलं.

"पहाटं," मी बोलून गेले.

"मग कळांची वाट बघू नगंस. दवाखान्यात जा. पयलं कसं गेलं, ते आदी सांग."

तिला तांब्या द्यायला उठले, तोवर दार रिकामं होतं. आत्याबाई दाराबाहेरच शेंगा फोडत होत्या; ती बाई कुठं गेली, ते त्यांना विचारलं. "कोन बाई? मी हितंच हाय की, कुनी आलं न्हाई." मग त्यांची नजर कुत्र्यावर गेली. ते रिकाम्या दाराकडे टक लावून बसलं होतं. आत्याबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. बैलगाडीनं फाट्यापर्यंत आणि तिथून एसटीनं आम्ही साताऱ्याला पोचलो.

"पाणी कधी गेलं?" डॉक्टरीणबाईंनीही आधी तेच विचारलं. पहिल्या बाळाचं सांगितल्यावर त्यांनी लगेच थर्मामीटर लावला. मला तापही भरला होता. "कधी आईच्या अंगात जंतू असतात. तिला त्रास होत नाही, पण बाळंत होताना बाळाला लागतात. बाळ यायच्या आधीच औषध तुमच्या रक्तात गेलं पाहिजे." त्यांनी शिरेतून पेनिसिलिन सुरू केलं, आणि मूल होईपर्यंत ठरावीक तासांनी देत राहिल्या.

रात्री उशिरा मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी मी कान देऊन ते कण्हणं यायची वाट बघत होते. नर्स येऊन तिचा श्वास मोजून जायची. संध्याकाळ झाली, तशी पोर पदराखाली चुळबुळली आणि चपचप दूध ओढू लागली.

ती बाई कोण, हे मी कधी कुणाला विचारत फिरले नाही. गप्प राहून सोसण्यालाच मी देवीला शरण जाणं समजत होते. त्या दुपारी लपवलेलं सगळं बोलून टाकलं, माझ्या हातात होतं तेवढं केलं आणि उरलेलं तिच्यावर सोडलं. लेक पोटभर पिऊन झोपली, तेव्हा कितीतरी महिन्यांनी देवीचं नाव मनापासून तोंडात आलं.