खंडेनवमीला काढलेला प्लग
झेंडूचा वास आला की विश्रामबागेतलं ते ऑफिस आठवतं. मी तिथे फरशी पुसायचे. सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी ज्या पेटीत जायच्या, तिला स्विच म्हणत. नवा इंजिनियर तीन दिवस कॉम्प्युटरवरून तिच्या आतली मांडणी बदलत होता. खंडेनवमीच्या दिवशी काम पुरं झालं तरच त्याची नोकरी पक्की होणार होती. जुना इंजिनियर जागचा उठण्याआधी मांडणी सेव्ह करायचा, नाहीतर वीज जाताच ती पुसली जाते. म्हणून मी विचारलं, "साहेब, सेव्ह केलंसा का?" तो सगळ्यांसमोर हसला. "मावशी, चौथीत हे शिकवलं होतं का? जेवून आलो की करतो." तो गेला आणि मोठे साहेब म्हणाले, "मावशी, खंडेनवमी हाय, यंत्रं बंद करून पूजा उरका." मला सगळं माहीत होतं. तरी प्लग काढला, कुंकू लावलं, झेंडू वाहिला. पेटी पुन्हा सुरू झाली ती जुन्याच मांडणीने. "कुणाला विचारून बंद केलीत?" जेवून आल्यावर तो ओरडला. म्हटलं, "चौथीवालीला काय कळतंय?" संध्याकाळीच त्याला काढलं. तो जिन्यात रडत बसला, तेव्हा मी त्याला पाय उचलायला लावून पायरी पुसली. माझ्या एका शब्दाने त्याची नोकरी वाचली असती. तो शब्द मी आजही बोलणार नाही.