पर्सी आणि आंजर्लेकर

आज दारात पडलेल्या पार्सलवर ‘आंजर्लेकर’ हे माझं आडनाव वाचलं आणि लॉकडाऊनमधली एक दुपार आठवली. इथे परदेशात, पॉइंट कुकच्या याच घरात तेव्हा जीव गुदमरायचा. पाच किलोमीटरपलीकडे जायची बंदी, आणि तिकडे आंजर्ल्याला बाबा आजारी, एकटे. देशाबाहेर जायची परवानगी दोनदा मागितली, दोनदा नकार आला.

असंच एक पार्सल तेव्हा चुकून शेजारच्या म्हाताऱ्या मिस्टर पर्सींकडे गेलं होतं. कुंपणावरून ते माझ्या हातात देताना त्यांनी मास्कमधूनच विचारलं, “केवढं लांब नाव! अर्थ काय याचा?” खोक्याला सॅनिटायझरचा ओला वास होता.

“आंजर्ले माझं गाव. तिथली मी.”

ते एकदम खुलले. पर्सी हेही गावच, नॉर्मंडीतलं. जवळजवळ हजार वर्षांपूर्वी पूर्वज तिथून इंग्लंडला आले, ते गावाचं नाव घेऊनच. त्या वर्षी ते गाव एकदा बघायचं म्हणून काढलेलं तिकीट रद्द झालं होतं.

“तिथे आता तुमचं कोण आहे?” मी विचारलं.

“नो वन. जस्ट द नेम.”

मला त्यांची कीवच आली. माझे तर बाबा होते तिथे.

पुढच्याच महिन्यात बाबा गेले. त्यांना शेवटचं मी फोनच्या स्क्रीनवर पाहिलं. मग तिथलं घरही विकलं.

मघाशी पार्सल उचलताना लेकीने विचारलं, “आई, हू डू वी हॅव इन आंजर्ले?”

“जस्ट द नेम,” मी म्हणाले.