बायकोने बरे केलेले अकरा खलाशी

देवाने ज्यांच्या हाताला गुण भरभरून दिला, पण अक्षराला वळण द्यायचे तेवढे राहून गेले, अशा एका सत्पुरुषाची ही हकिगत. शतक एकोणिसावे, जहाजे शिडांची. बावीस वर्षे हे आरमारात शल्यवैद्य होते. गल्लीत सगळे त्यांना जहाजडॉक्टर म्हणत. डोलत्या डेकवर त्यांनी पाय कापले, कण्हत्यांना धीर दिला आणि प्रत्येक रोग्याची हकिगत नोंदवहीत उतरवली. ते अक्षर साऱ्या जगात एकाच व्यक्तीला लागे, ती म्हणजे त्यांची पत्नी.

निवृत्तीनंतर त्यांना एकच तळमळ उरली होती. उमेदीच्या काळात, गुरूंनी शिकवले तसे, त्यांनी तापकऱ्यांचे रक्त काढले आणि अकरा माणसे गेली. मग त्यांनी सुरी खाली ठेवली, रोग्यांना भरपूर पाणी पाजले, मोकळ्या वाऱ्यात निजवले. माणसे जगू लागली. आपली ही चूक आरमाराच्या वैद्यकमंडळाने वाचावी, नव्या डॉक्टरांनी ती पुन्हा करू नये, एवढेच त्यांचे परमेश्वरापाशी मागणे. म्हणून सहा महिने खिडकीशी बसून पत्नीने ती वही सुवाच्य उतरवली. प्रत गेली आणि मंडळाचे उत्तर आले.

डॉक्टरांनी ते चष्मा पुसून दोनदा वाचले. ‘रक्त काढलेल्या अकराही रोग्यांस पूर्ण आराम पडला, हे वाचून मंडळ थक्क झाले. हाच उपचार सर्व जहाजांवर सक्तीचा करण्याचा हुकूम येत्या महिन्यात निघेल.’

“अगं, आधी इकडे ये!”

“आले, आले. हे घर आहे, जहाज नव्हे,” म्हणत बाई हात पुसत आल्या.

“हे अकरा जण बरे कधी झाले?”

“मी उतरवताना.”

“काय?”

“अहो, तो शिडं शिवणारा एकोणीस वर्षांचा पोरगा! सोमवारी तुम्हीच लिहिलंत, आज थोडा हसला. आणि मंगळवारी सरळ मारून टाकलात! माझा हात धजेना. मी लिहिलं, आराम आहे.”

“आणि बाकीचे दहा?”

“एकाला वाचवायचं आणि दहांना वाऱ्यावर सोडायचं? मला नाही जमत असला दुजाभाव.”

“अगं, त्यांतला जहाजावरचा स्वयंपाकी बरा झाला, तर पुढे कुठल्याच पानावर कसा नाही?”

“त्याला मी रजा देऊन घरी पाठवलं. चार लेकरं बिचाऱ्याची.”

बायकोवर एवढा राग डॉक्टरांना कधी आला नव्हता, आणि एवढी माया तर मुळीच नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने अकरा पानी कबुली लिहिली आणि टपालात टाकली.

उलट टपाली उत्तर आले : ‘आपले पत्र पावले. ते कोणत्या भाषेत आहे, याचा तपास चालू आहे. तोवर मागील लेखकाकडूनच प्रत करून पाठवावी.’

हुकूम निघायला नऊ दिवस उरले होते. डॉक्टरांनी दौत आणि टाक पत्नीपुढे ठेवले.

“तू दयेनं लिहिलंस, कबूल. पण त्या दयेपायी आता जहाजाजहाजावर सुरी उचलली जाईल गं.”

बाईंचा चेहरा उतरला. टाक उचलत त्या म्हणाल्या, “लिहिते. पण नुसतं ‘गेला’ असं नाही लिहिणार. एकेक जण कसा होता, ते मला सांगा.”

बावीस वर्षांत जे ओठांवर आले नव्हते, ते डॉक्टर बोलू लागले. कोण घोरायचा, कोण औषध थुंकायचा, कोण सुरी पाहताच देवाऐवजी डॉक्टरांचेच पाय धरायचा. बाई मध्येच हसत, मध्येच पदराने डोळे टिपत, आणि लिहीत. चौथ्या दिवशी अकरावा माणूस कागदावर गेला. बाड मंडळाकडे रवाना झाले, आणि हुकूम निघायच्या आदल्या दिवशी तो रद्द झाल्याचे कळले.

डॉक्टरांनी हात जोडले. बाईंनी मात्र पुन्हा टाक हाती घेतला.

“या अकरा जणांच्या घरी काय कळवलं होतं?”

“आरमार कळवतं. नाव आणि तारीख.”

“बस?”

“बस.”

बाईंनी कोरा कागद पुढे ओढला. “मंडळाचं झालं. आता पहिल्याचं घर कुठे होतं, ते सांगा.”