साबण लावलेला गज

लॉयड मुनीसला लोकांनी आजवर नाही नाही ते ऐकवलं होतं, पण असली तक्रार कुणी केली नव्हती. गेल्या महिन्यात एका लग्नात स्वप्नील त्याच्या अंगावर धावून आला आणि ओरडला, "सर, तुमचा आवाज आला!"

आता वाजवणाऱ्याचा आवाज येणार नाही तर काय बिर्याणीचा वास येणार? पण स्वप्नीलचं चुकत नव्हतं. तो लग्नं सजवून देतो. फुलं, दिवे, धूर आणि नवरीच्या एन्ट्रीला काळे सूट घातलेले चार तंतुवादक. या चौघांनी वाजवायचं नसतं. गाणं लॅपटॉपवर लागतं. यांनी ताठ बसून तारांवर गज फिरवायचा आणि फोटोत चांगलं दिसायचं. बाकीचे तिघे शहाणे. ते गजाच्या केसांना कपड्यांचा साबण चोळून येतात, म्हणजे गज नुसता घसरतो आणि वाद्य हूं की चूं करत नाही. लॉयड मात्र गज तारेला धरावा म्हणून लावतात ती राळ लावूनच जायचा आणि गज तारेच्या जरासा वर धरून हलवायचा. त्या दिवशी हात भरून आला, गज टेकला आणि लाखभराच्या व्हिडिओत एक खरा सूर शिरला.

लॉयड मिरा रोडपलीकडच्या, समुद्रकाठच्या पाली गावचा. चर्चच्या कॉयरमध्ये व्हायोलिन शिकला, पुढे एका ऑर्केस्ट्रात माणूस कमी पडला म्हणून व्हायोला हातात घेतला. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, अंगाने मोठा, आवाजाने खोल आणि घरातल्या थोरल्यासारखाच दुर्लक्षित. स्टुडिओतली रेकॉर्डिंगं होती तोवर बरं चाललं. मग ती कामं कीबोर्डने गिळली. आता मिरा रोडला तो शिकवण्या घेतो, तिथे मुलांच्या आया विचारतात, "सर, गिटार कब सिखाओगे?" तीस वर्षं तो दहा-वीस जणांच्या घोळक्यात वाजवत आला होता. त्याचा एकट्याचा सूर असा कुणी ऐकलाच नव्हता.

आणि त्याला हवं होतं तेवढंच. एकदा, आपल्या भागातल्या माणसांसमोर, एकट्याने वाजवायचं. त्यांच्या गावात लग्नाआधी विहिरीचं पाणी आणायला निघाल्यावर बायका जी गाणी म्हणतात, ती आईकडून ऐकून त्याने व्हायोलासाठी बारा मिनिटांचं संगीत लिहून ठेवलं होतं. हॉलवाल्यांना विचारलं, महोत्सववाल्यांना विचारलं. "सोबत सिंगर कोण आहे?" जो तो हेच विचारायचा. कागद कपाटात पिवळे पडले.

"पुढच्या वेळी साबण लावून या, नाहीतर येऊ नका," असं स्वप्नीलने बजावलं, तेव्हा लॉयडने घरी येऊन अर्धा तास आदळआपट केली. त्याची बायको फ्लेव्हिया कपडे भिजवत होती. तिने ऐकून ऐकून शेवटी साबणाची वडी त्याच्या हातावर ठेवली.

"नुसता हात हलवाचा हाय ना? मंग लाव साबन. तुजा आवाज त्यांना नको हाय, तर कशाला देतं त्यांना?"

तिचं म्हणणं बिनतोड होतं, म्हणून तर तो जास्तच चिडला. पण लावला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी दुपारी काशीमीऱ्याच्या एका हॉटेलात इशिता नावाच्या मुलीचं लग्न होतं. दरवाजे उघडले, धूर सुटला, गाणं लागलं, चौघांचे गज हलू लागले. इशिता हॉलच्या मध्यावर पोचली आणि मेल्या लॅपटॉपने त्याच क्षणी अपडेट घ्यायला सुरुवात केली. गाणं बंद. चारशे माणसं गप्प. आणि समोर काळ्या सुटातले चार जण, मुकाट, पण जिवाच्या आकांताने गज ओढतायत! पहिल्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. नवरी जागीच थांबली, तिचे वडील सुभाषराव इकडेतिकडे पाहू लागले.

स्वप्नील खांबाआडून हातवारे करत होता, "बजाओ! कुछ भी बजाओ!"

लॉयडला ब्रह्मांड आठवलं. आयुष्यभर ज्या शांततेची वाट पाहिली ती ही, समोर बसलेली, आणि नेमका आजच गजाला साबण! स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावीशी वाटली. बाकी तिघांनी माना खाली घातल्या. लॉयडने गज खाली ठेवला, व्हायोला मांडीवर आडवा घेतला आणि बोटांनी तारा छेडायला लागला.

पाण्याला निघालेल्या बायकांचं गाणं होतं ते. चालीलाच पावलांचा ठेका. पहिले चार सूर कापरे निघाले, मग बोटं सावरली. इशिताने मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि त्या ठेक्यावर चालू लागली. कुणी खोकलंसुद्धा नाही. ती मंडपाच्या पायरीवर चढली तेव्हा लॉयडचे डोळे भरून आले होते आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

मग लॅपटॉप जागा झाला आणि दणक्यात उरलेलं गाणं लागलं.

जेवणाच्या वेळी सुभाषराव शोधत आले. "ते मधलं काय होतं हो? अगदी आतपर्यंत गेलं." लॉयड सांगणार तेवढ्यात स्वप्नील मध्ये घुसला. त्याचा चेहरा नुसता उजळला होता.

"सर, एक नंबर! तेवढं रेकॉर्ड करून द्या ना. पुढच्या लग्नापासून लॅपटॉपवर टाकतो. तुम्ही समोर बसून फक्त बोटं हलवा."

  लॉयडने व्हायोला पेटीत घातला आणि पाली गाठली.

फ्लेव्हिया दोरीवरचे कपडे काढत होती. त्याने खिशातून साबणाची झिजलेली वडी काढून तिच्या हातात दिली.

"ही ठेव. मी पुन्हा मागितली तरी देऊ नकोस."