मर्व्हची ब्युइक आणि माझी सही

मर्व्ह ट्रेगोवनला मी चाळीसेक वर्षं ओळखतो आणि त्यातली बहुतेक वर्षं मी त्याच्यावर वैतागलेलोच आहे. माणूस लाखातला, पण हट्टी! मेंढ्यांची लोकर कातरता कातरता कंबर कामातून गेली, तरी त्या कमाईतून पठ्ठ्यानं अठ्ठावन्न सालची ब्युइक मोटार आणली. बोटीनं, थेट अमेरिकेहून. आकाशी रंग, पांढरा टप. लांबी एवढी की शेडचं दार लागेना, म्हणून शेडच वाढवली. 'गाडीला खोली बांधलीस, मला स्वयंपाकघर कधी?' असं त्याची बायको ओलिव्ह अजून विचारते.

त्या काळी आमच्या देशात डाव्या स्टिअरिंगची गाडी रस्त्यावर आणू देत नसत. मग बसला हा शेडमध्ये करवत आणि गॅसकटर घेऊन. डॅशबोर्ड कापला, चासीवरची, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावरची, स्टिअरिंगची डावी बैठक कापून काढली, उजवीकडं नवी डकवली. निघालेले भाग गावाच्या उकिरड्यावर नेऊन टाकले. मी म्हणालो होतो, "ठेव रे लेका, कधी लागतील." तर म्हणे, "कशाला? अडगळ नुसती!" पुढं काही वर्षांनी नियम बदलला. जुन्या गाड्या डाव्या स्टिअरिंगनं खुशाल चालवा म्हणाले. बैल गेला अन् झोपा केला! मी त्यानंतर जुनी अमेरिकन इम्पाला घेतली, ती अजून डाव्या स्टिअरिंगचीच आहे.

दर रविवारी आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या सात-आठ गाड्या कडीना गावाहून वॉलरू बंदराच्या धक्क्यावर जातात. बॉनेट उघडायची, मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी खायची आणि एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवायची, एवढाच कार्यक्रम. मर्व्हला त्याच्या उजव्या स्टिअरिंगवरून सगळे छेडत. "मी माझ्या देशात बरोबर बसलोय, पाहुणे तुम्ही," असं तो ऐकवायचा. या दहा किलोमीटरांवर तो आठवडा काढायचा, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पण वर्षातून एकदा क्लबाचा माणूस गाडीखाली झोपून तपासतो आणि सही करतो. सही नाही तर परवाना नाही. हे काम कुणी घेईना म्हणून माझ्या गळ्यात पडलं.

गेल्या सप्टेंबरात ब्युइकखाली शिरलो. उजव्या बैठकीपाशी स्क्रूड्रायव्हर टोचला तर गंजाचे पापुद्रे डोळ्यात पडले.

"काय रे, झोपलास का खाली?" मर्व्ह वरून ओरडला.

"स्टिअरिंग फिरव जरा. आता उलटं."

त्यानं फिरवलं तसा चासीतला तडा तोंड उघडायला आणि मिटायला लागला. बाहेर आलो, हात पुसले आणि तडा सांगून म्हणालो, सही होणार नाही.

"वेल्डिंग मारतो," तो म्हणाला.

"कशावर मारणार? लोखंडाचा पापड झालाय."

"मग परत डावीकडं नेतो."

बोलला आणि स्वतःच थांबला. डावीकडं बैठक बसवायला जागा होती कुठं? ती त्यानंच कापली होती.

"लेस, सरळ रस्ता आहे रे. चाळीसनं जाईन," तो मला म्हणाला.

"आणि शेजारी ओलिव्ह असेल."

ओलिव्ह चहा घेऊन आली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. "चाळीस वर्षांचा दोस्त म्हणे! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. एक सही करायला हात झिजतो का तुझा?"

"ओलिव्ह, गप," मर्व्ह म्हणाला. "तो बरोबर आहे."

देवाशपथ सांगतो, त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ॲडलेडहून एक इंजिनीयर आणला. तो म्हणाला, दुसऱ्या गाडीची अख्खी चासी मिळवा. आम्ही शोधली. इथं नाहीच, अमेरिकेत एक मिळत होती, तीही सडलेली. मर्व्ह अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. ब्युइक शेडमध्ये उभी आहे. सुरुवातीला तो रोज इंजिन चालू करून आत बसायचा, मग तेही सोडलं. ओलिव्ह माझ्याशी बोलत नाही.

मी त्याला रविवारी इम्पालातून न्यायला लागलो. माझं स्टिअरिंग डावीकडं, म्हणून तो उजवीकडं, नुसता बसलेला. वळण आलं की त्याचा पाय खालच्या चटईवर दाबला जायचा. मी न पाहिल्यासारखं करायचो आणि उगाच हवापाण्याबद्दल बडबडायचो.

एका रविवारी धक्क्याच्या वळणावर समोरून ट्रक अंगावर आला. मी गाडी बाजूला घेतली. शेजारी पाहतो तर मर्व्हचे दोन्ही हात वर आलेले, आणि तो जीव खाऊन स्टिअरिंग वळवत होता. हातात काही नव्हतं. ट्रक निघून गेला तरी हात तसेच. मग ते त्यानं मांडीवर ठेवले.

"लेस," तो म्हणाला, "पुढच्या रविवारी मला घ्यायला येऊ नकोस."

तरी मी गेलो. हॉर्न वाजवला. खिडकीत ओलिव्ह दिसली, तिनं पडदा ओढून घेतला.